ज्याला देव नाही, त्या जवानाजवळ कोण बसणार?

प्रति,
माननीय श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली



2022 साली भूदलाने धर्मगुरूंच्या 128 जागांची जाहिरात काढली होती. पंडित 108, गोरखा पलटणींसाठी पंडित 5, ग्रंथी 8, सुन्नी मौलवी 3, शिया मौलवी 1, पाद्री 2 आणि बौद्ध भिक्खू 1. निवड झालेला माणूस नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर, म्हणजे जेसीओ म्हणून रुजू होतो. या विभागणीतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शेवटी-शेवटी येणारी एकेक जागा. शिया मौलवी एकच हवा होता, बौद्ध भिक्खू एकच हवा होता, तरी सैन्याने त्यांच्यासाठी वेगळी ओळ छापली, वेगळी पात्रता ठरवली. संख्या थोडी आहे म्हणून त्यांच्या जवानांना दुसऱ्याच कुणाच्या दारात उभे केले नाही. आपल्या सैन्याबद्दल आदर वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

त्या जाहिरातीत आणखी एक ओळ असावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या जवानाचा कोणत्याही देवावर, कोणत्याही धर्मग्रंथावर विश्वास नाही, पण माणुसकीवर, विवेकावर, दिलेल्या शब्दावर ज्याची निष्ठा पक्की आहे, त्याच्यासाठीही सैन्याने एक माणूस नेमावा. पंडित-मौलवींच्याच शाखेत आणि त्यांच्याच हुद्द्याचा. त्या पदाचे नाव मंत्रालयाने ठरवावे. या पत्रापुरते मी त्याला मानवतावादी सल्लागार म्हणते.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात टाकळीच्या नावामागे ‘सैनिक’ लागते. फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागेल, अशी गावे या पट्ट्यात आहेत. याच मातीत सत्यशोधकांचे जलसे झाले आणि याच साताऱ्यातून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम राज्यभर नेले. त्यामुळे घरात फौजेची वर्दी आणि नास्तिक बाप अशी जोडी आमच्याकडे नवलाची नाही. आमचे घर त्यांतलेच एक.

धर्मगुरूच्या जाहिरातीत कामाचे स्वरूप दिलेले असते. जवानांना धर्मग्रंथ समजावणे आणि पलटणीच्या मंदिर-गुरुद्वारात पूजापाठ करणे हे त्यात पहिले येते. पण यादी तिथे थांबत नाही. अंत्यविधीला उभे राहायचे, इस्पितळात आजारी जवानांची विचारपूस करायची, बरे होत आलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणायची, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला जाऊन भेटायचे, मुलांना शिकवायचे, अधिकारी-जवान-कुटुंबे सगळ्यांचे क्षेमकुशल पाहायचे. ही यादी कुणी लिहिली असेल तो सैनिकाचे आयुष्य जाणणारा असला पाहिजे. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, बर्फात किंवा वाळूत, बायको बाळंत होताना, बाप मरताना, मित्र डोळ्यांदेखत पडताना जवानाजवळ बसणारे कुणीतरी लागते, हे त्याला ठाऊक होते. यातल्या बहुतेक कामाला देव लागत नाही. जवळ बसणारा माणूस लागतो, आणि तो जवानाच्या मनाची भाषा जाणणारा लागतो.

माझा थोरला भाऊ पायदळात हवालदार होता. बाबा गेले तेव्हा तो काश्मीरमध्ये पुढच्या चौकीवर होता. बर्फाने वाट बंद झालेली, हेलिकॉप्टर उडण्यासारखे हवामान नाही. निरोप वायरलेसवर गेला. सीओ साहेबांनी खालच्या तळावर असलेल्या पंडितजींना त्याच्याशी बोलायला सांगितले, आणि वाट थोडी उघडल्यावर ते रसद घेऊन जाणाऱ्या तुकडीबरोबर स्वतः वर आले. साठीकडे झुकल्यासारखा दिसणारा, थकलेला माणूस. बंकरमध्ये बुखारीजवळ दादाच्या शेजारी बसले. वडिलांचे नाव विचारले, गोत्र विचारले, दहाव्याला इथेच पिंड देऊ, मी सगळी तयारी आणली आहे म्हणाले. त्यांच्या पिशवीत काळे तीळ होते, जव होते, दर्भ होता. तेवढ्या उंचीवर तो माणूस दर्भ घेऊन आला होता.

दादा म्हणाला, पंडितजी, आमच्याकडे हे करत नाहीत. बाबांनी देहदान केले आहे. कालच कॉलेजवाले घेऊन गेले.

पंडितजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “फिर मैं तेरे लिए क्या करूँ?”

दादाने हे आम्हाला नंतर सुट्टीत सांगितले, आणि सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. पंडितजींनी त्याला तळावरून घरी फोन लावून दिला, त्याच्या वाट्याची ड्यूटी दोन रात्री दुसऱ्याला द्यायला लावली. भला माणूस होता. पण बाबा कसे होते, ते मुलांना शाळेत काय शिकवायचे, देव न मानणारा माणूस मरणाबद्दल काय म्हणायचा, हे दादाला त्या रात्री कुणाला तरी सांगायचे होते, आणि ते विचारणारे कुणी नव्हते. पंडितजींना ते विचारायचे सुचले नाही, कारण त्यांना तसे कुणी शिकवलेच नव्हते. मंत्र बाजूला ठेवल्यावर हातात काय उरते, याची तयारी त्यांच्याकडून कुणी करून घेतली नव्हती.

मंत्रिमहोदय, त्या पंडितजींनी प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे. त्याचे उत्तर देणे हे त्यांचे एकट्याचे काम नव्हते.

आपले अधिकारी कदाचित म्हणतील, यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समुपदेशक आहेत, ‘मिलाप’ आणि ‘सहयोग’सारखे उपक्रम आहेत, हेल्पलाइन आहे. आहेत, आणि ते वाढायला हवेत. 2022 मध्ये सरकारने संसदेत सांगितले की मागल्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून 819 जणांनी आत्महत्या केली. त्यांतले 642 भूदलाचे. या आकड्याचा संबंध मी कुणाच्या श्रद्धेशी किंवा अश्रद्धेशी जोडत नाही. पण जवान बोलता झाला पाहिजे, त्याला बोलायला जितकी दारे असतील तितकी कमीच, एवढे तरी हा आकडा सांगतो.

आणि डॉक्टरचे दार जवानाला सोपे नसते. सैन्यात वैद्यकीय प्रत ‘शेप’ने ठरते. त्यातले पहिलेच अक्षर मनाच्या प्रकृतीचे. प्रत्येक जवानाला ‘शेप वन’ राहायचे असते, कारण एकदा ‘कॅटेगरी’ लागली की बढतीवर, कोर्सवर, पोस्टिंगवर त्याची सावली पडते. म्हणून झोप येत नाही हे जवान डॉक्टरला सांगत नाही. तो ते पंडितजींना सांगतो, ग्रंथीसाहेबांना सांगतो, पाद्रीला सांगतो. तिथे कागद होत नाही. शोक हा आजार नाही, अपराधाची बोचणी हा आजार नाही, आपण गोळी झाडली ते बरोबर होते का हा प्रश्न तर आजार मुळीच नाही. असे मन घेऊन आस्तिक जवान धर्मगुरूकडे जातो आणि हलका होऊन परततो. नास्तिक जवानाला मात्र दोनच वाटा उरतात. एक तर इस्पितळात जाऊन कागदावर चढायचे, नाहीतर गप्प बसायचे. बहुतेक जण गप्प बसतात. दादा गप्प बसला होता.

‘असे आहेत तरी किती?’ हा प्रश्न येणारच. 2011 च्या जनगणनेत स्वतःहून नास्तिक अशी नोंद करणारे देशभरात 33 हजारांच्या घरात होते आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यांत पुढे होता. धर्मच न सांगणारे 28 लाखांहून जास्त होते. जनगणनेच्या फॉर्मवर नास्तिकासाठी वेगळा रकाना नसताना हे घडले. सैन्याच्या भरतीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, आणि आमच्या दादाने त्यात ‘हिंदू’ लिहिले, कारण अठराव्या वर्षी रांगेत उभे राहून त्या रकान्याशी वाद घालायची हिंमत कोण करणार? जे लिहिता येत नाही त्याची मोजणीही होत नाही, आणि मोजणी नाही म्हणून सोय नाही. एका शिया मौलवीची जागा काढताना आपण संख्येपलीकडे पाहिलेत. इथेही तसेच पाहावे.

राज्यघटनेने ही वाट आधीच मोकळी करून ठेवली आहे. 25 वे कलम धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. संसदेत शपथ घेताना खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. सैन्यातसुद्धा तसेच आहे. जमीन, समुद्र, आकाश जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जिवावर बेतले तरी हुकूम पाळीन, हे वचन जवान देवाच्या नावाने देऊ शकतो किंवा नुसती प्रतिज्ञा करून देऊ शकतो; कायद्याने दोन्ही सारखी. प्रत्यक्षात कसम परेडला मात्र धर्मगुरू आपापले ग्रंथ घेऊन उभे असतात आणि रंगरूट त्यावर हात ठेवतात. ज्याला कोणताच ग्रंथ आपला वाटत नाही त्याच्यासाठी तिथे राज्यघटनेची एक प्रत ठेवली तर काय बिघडेल? तिरंगा तर तिथे असतोच.

1949 च्या ऑक्टोबरमध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली होती. ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. विरोधात मत देणारे सगळे नास्तिक नव्हते. देव मानणारे अनेक जण त्यात होते. ज्याला देव मान्य नाही त्याच्यावर असा सरनामा लादला जाऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट सांगितले की आपला कोणताच धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात, शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही, असाही निकाल याच न्यायालयाने दिला होता.

सैन्याची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. सैनिकांच्या हक्कांना मर्यादा घालता याव्यात यासाठीच राज्यघटनेत 33 वे कलम आहे. आपल्या तुकडीबरोबर मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला सेवेतून काढण्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये उचलून धरला. त्या निकालाविरुद्ध मी इथे लिहीत नाही. अधिकाऱ्याने जवानांच्या श्रद्धेत त्यांच्याबरोबर उभे राहावे, ही पलटणीची रीत मला कळते. दादाही रविवारच्या मंदिर परेडला जायचा, बूट काढून, डोके झाकून, इतरांच्या बरोबरीने उभा राहायचा, आरती संपेपर्यंत हलायचा नाही. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या सेक्शनची पोरे जिथे मान झुकवतात तिथे आपण त्यांच्यासोबत असावे, असे त्याला मनापासून वाटायचे. मी कुणासाठी परेडमधून सूट मागत नाही. पण ही रीत दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. दुसऱ्यांच्या श्रद्धेजवळ वर्षानुवर्षे उभा राहिलेला जवान दुःखात एकटा असेल, तेव्हा त्याच्या अश्रद्धेजवळ उभे राहणारे पलटणीत कुणीतरी असायला नको का?

एकोप्याला तडा जाईल अशी भीती घालणाऱ्यांनी महार रेजिमेंटकडे पाहावे. 1941 मध्ये बेळगावला उभी राहिलेली ही पलटण ‘बोलो हिंदुस्तान की जय’ म्हणत लढते. त्या घोषणेत कोणतेच दैवत नाही. त्याच पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी 1987 मध्ये श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना शत्रूची रायफल हिसकावली आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आणि महारांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालते. जाहिरातीतला बौद्ध भिक्खू महायान पंथाचा असतो आणि त्याच्यासाठी मठातली गेशे ही पदवी लागते. लडाखच्या जवानांसाठी ते योग्यच आहे. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्यांच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या विदर्भ-मराठवाड्यातल्या जवानाचा धम्म हा नाही. बाबासाहेबांच्या धम्मात ईश्वर नाही, आत्मा नाही. आहे ती माणसाने माणसाशी कसे वागावे याची शिकवण. या जवानाने भिक्खूकडे जावे, मानवतावादी सल्लागाराकडे जावे की त्याच्यासाठी वेगळीच सोय व्हावी, हे त्याला विचारून ठरवावे. पण आज त्याला विचारलेच जात नाही.

हे दुसरीकडे कुठे जमले आहे का, तर जमले आहे, आणि साठ वर्षांहून जास्त काळ जमलेले आहे. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, मानवतावादी संघ स्थापन झाला. चर्चमध्ये न जाणारा माणूस नीतीने उणा, असे तेव्हा तिथेही सर्रास समजले जाई. त्या संघाने सैन्याकडे सतत पाठपुरावा केला आणि 1964 मध्ये पहिला मानवतावादी सल्लागार डच सैन्यात रुजू झाला. आज तिथे प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि मानवतावादी असे सगळे एकाच सेवेत काम करतात. ते जवानांबरोबर मोहिमेवर जातात, त्यांच्यातच राहतात. हुकमाच्या साखळीत ते कुणाचे साहेब नसतात, आणि जवानाने त्यांना सांगितलेले गुपित वरिष्ठांनाही विचारता येत नाही. युट्रेख्ट शहरात 1989 पासून एक विद्यापीठच त्यासाठी आहे. तिथे तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, मानसशास्त्र शिकवतात आणि माणसाची कहाणी मध्ये न बोलता कशी ऐकायची हेही शिकवतात. त्या बंकरमध्ये नेमके हेच हवे होते.

बेल्जियमने 1991 मध्ये कायदा करून सैन्यात नैतिक सल्लागार आणले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने 2020 मध्ये धर्माशी न बांधलेले अधिकारी या कामासाठी घेतले. कॅनडाने 2022 मध्ये पहिली मानवतावादी धर्मसेवा अधिकारी नेमली.

अमेरिकेने मात्र अर्धे पाऊल टाकले आणि ती तिथेच थबकली. तिथला अनुभव आपल्याला सावध करणारा आहे. जेसन हीप हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, धर्मशास्त्राची पदवी असलेले गृहस्थ. 2013 मध्ये त्यांनी नौदलात मानवतावादी चॅप्लेन, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूच्या पदासाठी, अर्ज केला. 2014 मध्ये तो फेटाळला गेला. मधल्या काळात, 2017 साली, पेंटागॉनने मान्य श्रद्धांची यादी वाढवून 221 वर नेली आणि त्यात मानवतावादही घातला. म्हणजे जवानाला आता आपल्या नोंदीत ‘मानवतावादी’ लिहिता येते. हीप यांनी पुन्हा अर्ज केला. 45 प्रतिनिधींनी आणि 22 सिनेटरांनी विरोधाची पत्रे लिहिली आणि 2018 मध्ये नौदलाने दुसऱ्यांदा नकार दिला. नोंदवहीत जागा मिळाली, पण ज्याच्याशी बोलायचे तो माणूस मिळाला नाही. भरतीच्या अर्जात असा रकाना वाढवण्याची मागणी मीही करते आहे. पण रकाना देऊन हा विषय मिटला असे कृपया समजू नका.

खंदकात कुणी नास्तिक नसतो, असे फौजेत गमतीने म्हणतात. मला ते बोलणे दुखावते. मरणाच्या भीतीने माणसाची मते गळून पडतात, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो आपल्याच इतिहासाने खोटा ठरवला आहे. भगतसिंगांनी आपल्या नास्तिकतेची कारणे लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना लिहून ठेवली आणि 23 मार्च 1931 ला ते ताठ मानेने फासावर गेले. कोकणातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि जोतीराव फुल्यांच्या विचाराने अस्पृश्यतेला आधार देणाऱ्या धर्मशास्त्राला 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून जाब विचारला. फौजेत राहून माणूस विचार करायला लागतो, प्रश्न विचारायला लागतो, ही काही आजची गोष्ट नाही.

सल्लागार कसा असावा याविषयीही थोडे लिहिते, कारण इथे चूक झाली तर सगळेच बिघडेल. तो नास्तिकतेचा प्रचारक असता कामा नये. पंडितजींनी मौलवीच्या जवानाला मंदिराकडे ओढू नये, तसेच यानेही कुणाची श्रद्धा सोडवायला जाऊ नये. एखादा भाविक जवान त्याच्याकडे आला तर त्याने त्याचा हात धरून त्याला ग्रंथीसाहेबांकडे पोचवावे. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात वाढले, तरी ही नेमणूक त्या किंवा दुसऱ्या कोणत्याही संघटनेच्या हाती देऊ नये असेच म्हणेन. पाद्रीच्या नावाला बिशपची मान्यता लागते. इथे बिशप नाही, तेव्हा विद्यापीठाची पदवी आणि सैन्याची निवड हेच प्रमाण मानावे. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा समाजकार्य शिकलेली मुले-मुली आपल्याकडे भरपूर आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसे घडवते आहे. सगळ्या धर्मांच्या धर्मगुरूंना सैन्य प्रशिक्षण देते ते पुण्यात, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत. पंडित, मौलवी, पाद्री तिथे एकत्र राहतात, एकमेकांचे सण शिकतात. त्यांच्या बाकावर एक मानवतावादी बसला तर तोही त्यांच्याकडून शिकेल, आणि तिथला पंडित उद्या एखाद्या बंकरमध्ये देव न मानणाऱ्या जवानासमोर बसेल तेव्हा आमच्या दादाच्या पंडितजींसारखा अडखळणार नाही. माझ्या मते या शिकवणीचा फायदा नास्तिक जवानाइतकाच धर्मगुरूंनाही होईल.

पद निर्माण व्हायला वेळ लागतो. फाइल फिरते, वित्त विभाग विचारतो, हे मी समजू शकते. पण एक गोष्ट उद्या करता येण्यासारखी आहे.

पंडित नेहरूंनी आपल्या मृत्युपत्रात कळकळीने लिहिले होते की आपल्यामागे कोणताही धार्मिक विधी नको. 1964 मध्ये देशाच्या पंतप्रधानाची ती इच्छा डावलली गेली आणि अंत्यसंस्कार धार्मिक विधींनी झाले. दोन वर्षांनी स्वातंत्र्यवीर सावरकर गेले. आपल्याला विद्युतदाहिनीत न्यावे, मागे श्राद्धादी विधी करू नयेत, ही त्यांची इच्छा होती आणि मुंबईत त्यांचा देह विद्युतदाहिनीतच नेला गेला. राजकारणात ही दोन माणसे दोन टोकांना, पण मरणाबद्दलची त्यांची मागणी सारखीच होती. एकाची पाळली गेली, दुसऱ्याची नाही, आणि फरक पडला तो भोवतालच्या माणसांमुळे.

हुतात्मा जवानाचा देह गावी येतो तेव्हा भोवताली किती माणसे असतात हे आपण पाहिले आहे. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, तहसीलदार, शाळेची मुले, चारी बाजूंनी लोटलेली गर्दी. तिरंगा घडी करून पत्नीच्या हाती दिला जातो, बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुल वाजतो. त्या गर्दीत कुणीतरी भटजी बोलावून आणतो, आणि ‘त्यांना हे नको होते’ असे म्हणायचे बळ चोवीस-पंचवीस वर्षांच्या विधवेत कुठून येणार? तिने तोंड उघडलेच तर गाव तिलाच बोल लावतो.

म्हणून प्रत्येक जवानाकडून एक साधा कागद भरून घ्या. पैशांसाठी वारसाची नोंद घेतलीच जाते; त्याच्याच जोडीला माझे अंत्यसंस्कार कसे व्हावेत, विधी हवेत की नकोत, दहन, दफन की देहदान, ते जवानाने दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी. देह घेऊन येणाऱ्या तुकडीच्या जेसीओकडे त्याची प्रत असावी, आणि गावात पोचल्यावर त्याने ती सगळ्यांत आधी कुटुंबाला आणि मग सरपंचाला वाचून दाखवावी. यासाठी नवे पद लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे.

आपली विश्वासू,
एका माजी हवालदाराची बहीण
जि. सातारा